उजेड वरून पाडा : जपानी शिपायाचा पितळी बिल्ला वाचताना

दुसऱ्या महायुद्धातल्या साध्या जपानी शिपायाच्या ओळखीच्या बिल्ल्यावर त्याचं नाव नसतं. हे आधीच सांगते, कारण बिल्ला पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो : नाव काय लिहिलंय? नाव असायचं ते अधिकाऱ्याच्या बिल्ल्यावर, हुद्द्यासकट. शिपायाच्या बिल्ल्यावर तीनच गोष्टी : कुठली रेजिमेंट, कुठली कंपनी आणि यादीतला कितवा नंबर. ती यादी तुकडीच्या दप्तरात असायची. यादी हाताशी असेल तरच नंबरावरून माणूस सापडायचा. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या दिवसांत जपानी सैन्यात कागदपत्रं जाळायचे हुकूम सुटले आणि दप्तरांचे ढीगच्या ढीग पेटवले गेले. त्यामुळे आज असा बिल्ला हातात आला तर रेजिमेंटपर्यंत पोचता येतं, बहुतेक वेळा कंपनीपर्यंतही. पुढचा माणूस शोधायला बिल्ल्याच्या बाहेर जावं लागतं.

मी ठाण्यात चरईत राहते आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पत्र्याचे छोटे छोटे पार्ट तपासायचे, पंचानं पाडलेली भोकं, कडेची बर म्हणजे कापताना उठलेली धार, ठोकलेले नंबर बघायचे, हे माझं रोजचं काम. आमचं एक मोठं गिऱ्हाईक जपानी आहे. त्यांच्या ड्रॉइंगवरच्या टिपा जपानीत यायच्या, म्हणून भाषा शिकले. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत कांजीचे, म्हणजे जपानी चित्राक्षरांचे, कागद चाळायचे, अशी काही वर्षं गेली. स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याला हे दोन्ही ठाऊक होतं. त्याचं गाव सातारा जिल्ह्यातलं, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गावचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा निघाला. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला, रुमालाची गाठ सोडली आणि म्हणाला, "मॅडम, हे चिनी आहे का जपानी, तेवढं सांगा."

जपानी होतं, आणि ते सांगायला अक्षरंसुद्धा वाचावी लागत नव्हती. जपानी भूदलाचा बिल्ला ओळखू येतो तो आकारावरून. लंबगोल पितळी पत्रा, सुमारे साडेचार सेंटिमीटर लांब आणि त्याहून सेंटिमीटरभर कमी रुंद, वर आणि खाली प्रत्येकी एक आडवी आयताकृती खाच. काही बिल्ले ॲल्युमिनियमचेही आहेत. अमेरिकन बिल्ला साखळीनं गळ्यात लोंबतो. हा गळ्यात नसायचा. दोन्ही खाचांतून दोरी ओवून एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली, नाहीतर कमरेला, अंगालगत बांधायचा. म्हणूनच खाचा दोन. हे लक्षात ठेवलं की पुढे खऱ्या-खोट्याची पारख करताना फार उपयोग होतो.

आता वाचायचं कसं, ते सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिली गोष्ट उजेडाची. झिजलेला ठसा बघायला मोबाइलची टॉर्च तिरकी धरावी, हे सगळे सांगतात. बरोबरच आहे. पण टॉर्च कुठल्या बाजूनं तिरकी, हे कुणी सांगत नाही. जपानी एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून आला तर तो या रेघांच्या लांबीतूनच वाहून जातो, सावली पडत नाही आणि बारीक रेघ दिसेनाशी होते. मग तीनाचे दोन होतात. बिल्ला उभा ठेवून उजेड आधी वरून पाडा, मग खालून, आणि बाजूचे फोटो शेवटी घ्या. आम्ही मशिनिंगचे ओरखडे बघतो तेव्हाही उजेड ओरखड्याला आडवा घेतो. कारण तेच.

दुसरी गोष्ट दिशेची. मजकूर उभा, वरून खाली. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर उजवीकडून डावीकडे. बिल्ला दोन्हीकडून सारखाच दिसतो आणि खाचाही सारख्या, त्यामुळे तो उलटा धरला गेला तरी चटकन कळत नाही. त्यात एक, दोन, तीन, दहा यांची चिन्हं उलटी केली तरी जवळपास तशीच राहतात. दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. कंपनीसाठी येणारं 'चू' हे अक्षर म्हणजे आडवा चौकोन आणि त्यातून आरपार गेलेली उभी रेघ. तेही उलटं करून फारसा फरक पडत नाही. विकायला ठेवलेल्या बिल्ल्यांचे कितीतरी फोटो उलटे असतात ते यामुळेच. म्हणून आधी 'बान' शोधायचं. नंबर या अर्थाचं हे अक्षर गिचमिड दिसतं, पण त्याच्या तळाशी चार तावदानांची खिडकी असते. ती खिडकी अक्षराच्या खालच्या अंगाला आली की बिल्ला सरळ धरलाय असं समजा. आठाच्या आकड्यावरूनही कळतं. त्याचे दोन फटके वर जवळ असतात आणि खाली फाकतात.

वरून सुरुवात केली की आधी दलाचं अक्षर येतं. पायदळ असेल तर 'हो'. तोफखाना, घोडदळ, इंजिनिअर, वाहतूक यांची अक्षरं वेगळी. त्याखाली रेजिमेंटचा आकडा, मग 'चू' आणि कंपनीचा आकडा, मग 'बान' आणि शिपायाचा नंबर. आकडे बहुधा आपण फोन नंबर सांगतो तसे एकेक अंक करून ठोकलेले असतात. अठ्ठावन्न म्हणजे पाच आणि त्याखाली आठ. दहाचं चिन्ह घालून लिहिलेलेही काही बिल्ले आहेत, तेवढं ध्यानात असू द्यावं.

सहकाऱ्याच्या बिल्ल्यावर 'हो', मग पाच, मग आठ. पायदळाची ५८ वी रेजिमेंट. कंपनीचा आकडाही स्वच्छ होता. अडचण आली शिपायाच्या नंबरात. शेवटी एकाखाली एक तीन आडव्या रेघा. हा तीन आहे, की एक आणि त्याखाली दोन, की दोन आणि त्याखाली एक? माणूस शोधायचा तर हे ठरायलाच हवं. तीनच्या चिन्हात मधली रेघ थोडी आखूड आणि तळची सगळ्यात लांब असते. दोनमध्ये वरची आखूड, खालची लांब. त्यामुळे 'एक-दोन' आणि 'तीन' डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात.

अशा वेळी अक्षरज्ञान पुरत नाही, ठोकलेलं कसं आहे ते बघावं लागतं. काही बिल्ल्यांवर अख्खं अक्षर एका पंचानं उठवलेलं असतं, काहींवर छोट्या छिन्नीनं फटका फटका जोडून अक्षर केलेलं असतं. हा पंचाचा होता. पंच हातानं धरून हातोडीनं ठोकला की तो दर वेळी अंशभर इकडेतिकडे कलतो, आणि कलतो तेव्हा त्या पंचावरच्या सगळ्या रेघा एकत्र कलतात. साहेबांना विचारून प्रोफाइल प्रोजेक्टरवर, म्हणजे पार्ट पडद्यावर मोठा करून मोजायच्या यंत्रावर, बिल्ला ठेवला. खालच्या दोन रेघा एकमेकींना समांतर होत्या, वरची किंचित वेगळ्या कोनात. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेतलं अंतरही दुसऱ्या आणि तिसऱ्यातल्या अंतरापेक्षा जास्त भरलं. म्हणजे दोन वेगळे ठोके : वर एक, खाली दोन. शेवटचे अंक एक आणि दोन, यात मला शंका उरली नाही. पूर्ण नंबर मी इथे लिहीत नाही. त्या शिपायाच्या घरचं कुणी हयात असेल तर तो आधी त्यांच्याकडे जावा.

खोट्या बिल्ल्यांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ऑनलाइन ते भरपूर विकले जातात आणि पितळ पाहून माणूस भुलतो. पंच ठोकल्यावर धातू कुठे तरी सरकतो. रेघेच्या कडा हाताला लागण्याइतक्या उठतात आणि पातळ पत्रा असेल तर मागच्या बाजूला बारीक उठाव येतो. लेझरनं किंवा ॲसिडनं कोरलेल्या अक्षराला हे नसतं. त्याचा तळ सपाट, खोली सगळीकडे एक आणि वळण थेट कॉम्प्युटरच्या फॉन्टचं. खाचा पंचानं पाडलेल्या असतील तर एका बाजूची कड गुळगुळीत वळलेली आणि दुसऱ्या बाजूला बर असते. दोन्ही बाजू सारख्याच कोऱ्या असतील तर मी सावध होते. आणि दोरीची झीज बघायची. बिल्ला दोन्हीकडून ताणलेला असायचा, त्यामुळे वरची खाच वरच्या कडेला झिजते आणि खालची खालच्या. नुसत्या घासकामानं म्हातारा केलेल्या बिल्ल्यावर झीज भलत्याच ठिकाणी असते. जुन्या, जमिनीत राहिलेल्या पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि मधूनमधून तांबूस डाग उरतात. तो रंग वरून फासून आणणं अवघड आहे.

यासाठीच कळकळीनं सांगते, बिल्ला घासू नका. आपल्या ठाण्याच्या पितांबरीनं देव लखलखतात, बिल्ल्यावर ती लावू नका. चिंच नको, लिंबू नको. माती असेल तर मऊ ब्रश आणि साधं स्वच्छ पाणी, लगेच कोरडं पुसायचं, एवढंच. डाग, उठलेल्या कडा आणि झीज हीच त्याची साक्ष आहे, ती गेली की उरतो पितळेचा तुकडा.

या बिल्ल्याच्या खाचा जशा झिजायला हव्या तशाच झिजल्या होत्या. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पत्नी गावी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या, स्मरण खणखणीत. नातवानं स्पीकरवर फोन लावून दिला. मी विचारलं, "आजी, याला दोरी होती का?" त्या म्हणाल्या, "व्हती की. कुजून गेलती, म्या टाकली. ह्यांनी कधी घासू दिलं न्हाई बगा त्याला. दसऱ्याला समदी भांडी काढायची, पर त्यो डबा उघडू द्यायचं न्हाईत." तो बिल्ला आजवर वाचण्यासारखा राहिला तो आजोबांच्या या हट्टामुळे.

आजींना मी लढाईबद्दलही विचारलं. गावाचं नाव त्यांना सांगता येईना. पण आजोबा नेहमी दोन गोष्टी सांगत, त्या त्यांनी सांगितल्या. एक, डोंगरावर पाणी नव्हतं, तहानेनं जीव जायची वेळ आली होती. दुसरी, विमानातून छत्र्यांना बांधून सामान टाकायचे आणि त्यातलं बरंचसं पलीकडे जपान्यांच्या हाती पडायचं. ट्रंकेतल्या कागदांवर तुकडीचं नाव होतं : ४/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन.

हे ऐकल्यावर मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि मग इंटरनेटवरच्या जुन्या कागदपत्रांत ४/५ मराठा आणि ५८ वी रेजिमेंट समोरासमोर कुठे आल्या ते शोधायला बसले. नाव निघालं सांगशाक. आपल्याकडे इंफाळ आणि कोहिमा ही नावं माहीत असतात ती आझाद हिंद सेनेमुळे. सांगशाक हे नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मार्च १९४४ मध्ये जपानी जनरल मुतागुची यांच्या १५ व्या आर्मीच्या तीन डिव्हिजन, १५ वी, ३१ वी आणि ३३ वी, ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चालून आल्या. ३१ व्या डिव्हिजनचं लक्ष्य कोहिमा. या डिव्हिजनमधली ५८ वी रेजिमेंट उखरुलच्या वाटेनं येताना सांगशाक या तांगखुल नागा गावापाशी थबकली. तिथे डोंगराच्या माथ्यावर, गावच्या चर्चच्या आसपास, ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी होती : १५२ वी भारतीय पॅराशूट बटालियन, १५३ वी गुरखा पॅराशूट बटालियन, पहाडी तोफा आणि आपली ४/५ मराठा. २२ मार्चपासून २६ मार्चच्या रात्रीपर्यंत ही लढाई चालली. काटेरी तार नव्हती. खडक इतका वर की खोल खंदक खणता येईनात. पाण्याचे हाल, आणि छत्र्यांनी टाकलेलं सामान बरंच शत्रूच्या बाजूला पडायचं. २६ तारखेच्या रात्री ब्रिगेडला माघार घ्यायचा हुकूम आला. पण त्या मुक्कामात ५८ व्या रेजिमेंटचे दिवस गेले आणि माणसंही फार गेली. कोहिमाची लढाई सुरू झाली ती ४ एप्रिलला, आणि तिथली तटबंदी उभी करायला जो वेळ मिळाला त्यात सांगशाकचा मोठा वाटा आहे.

म्हणजे पितळेवरची पाच-आठ ही अक्षरं आणि आजींच्या तोंडची पाणी आणि छत्र्यांची गोष्ट एकाच डोंगरावर येऊन मिळतात. बिल्ला सांगशाकचा असावा असं मला वाटतं. पण तसं मी लिहून देणार नाही. ५८ वी पुढे कोहिमाला लढली, मागे परतताना तिची माणसं वाटेवर ठिकठिकाणी राहिली, आणि मराठा पलटणही त्या मोहिमेत नंतर होतीच. युद्धात बिल्ले हातोहात फिरत. एकानं उचलला, दुसऱ्याला दिला, असंही व्हायचं. बिल्ला सापडला म्हणजे माणूस तिथेच मेला असाही अर्थ होत नाही. आजोबांनी तो कसा घेतला हे आजींना त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि अंदाजानं ती जागा भरायची मला इच्छा नाही.

सांगशाकच्याच लढाईतली आणखी एक गोष्ट इथे जोडून येते. तिथे मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा सापडला आणि त्यावरून ३१ वी डिव्हिजन कोहिमाकडे निघाली आहे हे ब्रिगेडला कळलं. प्रेताच्या अंगावरचा कागद असो वा बिल्ला, समोर कोण आहे हे तो शत्रूला सांगतो. 'पायदळ, ५८' असं उघड लिहिलेला बिल्ला म्हणजे तर सरळ कबुलीच. म्हणून युद्धाच्या उत्तरार्धात जपानी सैन्यात सांकेतिक नावं आणि आकडे वापरात आले. प्रत्येक डिव्हिजनला एक अक्षर : ३१ वीला 'रेत्सू', म्हणजे प्रखर, ३३ वीला 'युमी', म्हणजे धनुष्य, १५ वीला 'मात्सुरी', म्हणजे उत्सव, ब्रह्मदेशातल्या १८ वीला 'किकू', म्हणजे शेवंती. त्यापुढे तुकडीचा चार-पाच अंकी आकडा. तेव्हा बिल्ल्यावर 'हो' दिसत नसेल आणि लांबलचक आकडा असेल तर तो रेजिमेंटचा क्रमांक समजून शोधू नका, तो हा सांकेतिक आकडा असण्याची शक्यता मोठी. त्याच्या याद्या जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आशियाई इतिहास केंद्रानं इंटरनेटवर ठेवलेल्या कागदपत्रांत धुंडाळता येतात. जपानी वाचता यायला हवं, एवढंच.

डब्यात आजोबांच्या स्वतःच्या चकत्याही होत्या. फायबरच्या, एक हिरवी अष्टकोनी, एक लाल गोल. शिपाई पडला तर हिरवी त्याच्याबरोबर राहायची आणि लाल काढून दप्तरात जायची. त्यावर नाव, नंबर आणि धर्म. धर्म लिहायचा तो अंत्यसंस्कार त्याच्या रीतीनं व्हावेत म्हणून. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० कबरी आहेत, आणि टेकडीच्या वरच्या अंगाला दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं वेगळं स्मारक आहे. दोन्ही बिल्ले टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा दोन सैन्यांनी आपल्या माणसाची ओळख किती वेगळ्या तऱ्हेनं धरली होती ते दिसत होतं. जपानी बिल्ल्यावर नाव नाही, धर्म नाही, अमेरिकन बिल्ल्यावर असतो तसा रक्तगटही नाही. तो परक्यानं वाचावा म्हणून केलेलाच नव्हता. जानेवारी १९४१ मध्ये निघालेल्या जपानी युद्धसंहितेत जिवंतपणी कैद होण्याची लाज पत्करू नये असं बजावलं होतं. ज्या सैन्याला कैदी व्हायचंच नाही, त्याच्या बिल्ल्यानं शत्रूशी काय बोलायचं?

पण घरी परतणं त्यांनाही हवं होतं, निदान अस्थींच्या रूपानं. प्रेत आणता येत नसे म्हणून हात किंवा बोट जाळून त्याची राख पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या पेटीतून घरी पाठवायची रीत होती. युद्धाचं पारडं फिरल्यावर तेही जमेना, आणि पुष्कळ घरांत पेटी उघडली तर आत नुसता खडा किंवा कागदाचा कपटा निघाला. इंफाळ-कोहिमाहून परतीच्या वाटेवर भूक, मलेरिया आणि आमांशानं इतके मेले की जपानी शिपाई त्या वाटेला 'पांढऱ्या हाडांचा रस्ता' म्हणू लागले. जपान सरकारच्या हिशोबात परदेशांत, इवो जिमा आणि ओकिनावा धरून, सुमारे २४ लाख माणसं गेली आणि त्यातल्या ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष आजही घरी पोचलेले नाहीत. २०१६ मध्ये तिथे कायदाच झाला की हे अवशेष शोधून आणणं ही सरकारची जबाबदारी आहे. ते काम आरोग्य, श्रम आणि कल्याण मंत्रालयाकडे आहे.

म्हणून ५८ हा आकडा महत्त्वाचा. जपानच्या पायदळी रेजिमेंट मुलखावार उभ्या केलेल्या होत्या, आपल्याकडच्या मराठा पलटणीसारख्याच. ५८ वी निगाता प्रांतातल्या ताकादाची, आजच्या जोएत्सू शहराची. हा बर्फाचा मुलूख. १९११ मध्ये थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवलं ते ताकादालाच, याच क्रमांकाच्या रेजिमेंटला. ती पुढे मोडली आणि चीनच्या युद्धात पुन्हा उभी राहिली. त्या मुलखातली पोरं १९४४ च्या मार्चात मणिपूरच्या डोंगरावर, सातारा-कोल्हापूरच्या पोरांसमोर उभी होती. दोघांनाही तो डोंगर परकाच.

प्रांत कळला की पुढची वाट दिसते. भूदलाच्या शिपायांची सेवा-पत्रकं प्रांतिक सरकारांकडे असतात. ती परक्याला मिळत नाहीत, नातेवाइकांनाच मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण मंत्रालय आणि प्रांत आपसांत शोध घेऊ शकतात. सहकाऱ्याच्या घरी सगळ्यांचं एकमत झालं की बिल्ला परत जावा. आजींनीच शेवटचा शब्द दिला. मी जपानीत पत्र लिहिलं आणि मुंबईतल्या जपानी कॉन्सुलेटकडे ते गेलं आहे. पत्रात मी अनुमान कुठलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं ते वेगळं ठेवलं. पाहिलेलं : अक्षरं, मापं, झीज, शेवटचे दोन अंक कसे ठरवले ते. ऐकलेलं : पाणी, छत्र्या, ४/५ मराठा, दोरी होती आणि कुजली. अनुमान : सांगशाक. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर बिल्ला त्याच डब्यात, सुती कापडात आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मराठा आणि महार पलटणींतून त्या युद्धात गेलेल्यांच्या ट्रंका सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडे अजून माळ्यावर आहेत, आणि त्यांची नातवंडं कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेलला राहतात. गणपतीला, शिमग्याला गावी जाल तेव्हा ट्रंक उघडा. लंबगोल पितळ, दोन खाचा, उभी अक्षरं असं काही निघालं तर विकू नका, घासू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, उजेड वरून आणि खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून. कागदावर पेन्सिल घासून ठसा घेतलात तर आणखी बरं. आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बसून विचारा : पलटण कुठली, कुठल्या डोंगराचं नाव घ्यायचे, काय खायला-प्यायला मिळत नव्हतं, हे कशाला बांधलेलं होतं. उत्तर अर्धवट असलं तरी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पितळ थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत. जमिनीत काही सापडलं आणि जवळ हाडं असतील तर हलवू नका, पोलिसांना कळवा. मणिपूर-नागालँडात फिरायला गेलात तर स्वतः खणू नका, जुने जिवंत गोळे अजून निघतात.

फोटो मला कमेंटमध्ये नको, इमेलवर पाठवा. 'बान' या अक्षराखालचे आकडे फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकू नका. ते पाहून खोटे बिल्ले ठोकणारे आहेत, आणि तो नंबर सगळ्यात आधी वाचायचा हक्क निगाता किंवा आणखी कुठल्या तरी प्रांतातल्या एका घराचा आहे.